शोभिवंत माशांचा जोडधंदा : टाकी आधी की गिऱ्हाईक आधी?

तालुक्याच्या गावी दवाखान्यात, उपाहारगृहात किंवा एखाद्या सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत फिरणारे रंगीत मासे आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. १९५१ साली मुंबईच्या किनाऱ्यावर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहण्यासाठी एके काळी खेड्यांतून सहली जात. ज्या माशांचे त्या वेळी अप्रूप वाटे, त्यांपैकी कित्येक जाती आज तालुक्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतात. साहजिकच, ‘हे मासे आपल्या परसात निपजवून विकता येतील काय?’ असा प्रश्न शेतकरी आणि विशेषतः सुशिक्षित ग्रामीण तरुण विचारू लागले आहेत. २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून हा प्रश्न कृषी खात्याच्या कार्यकर्त्यांकडेही येऊ लागला तर त्यात नवल नाही.

ह्या प्रश्नास सामान्यतः जे उत्तर मिळते, ते मात्र विचार करावयास लावणारे आहे. विचारणारा अजून पुरता बसलेलाही नसतो, तोच त्याच्यापुढे योजनेचा अर्ज ठेवला जातो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत परसातील लहान संगोपन केंद्राचा खर्च ३ लाख रुपये धरण्यात आला होता. सर्वसाधारण गटास ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींस ६० टक्के अर्थसाहाय्य ठरविण्यात आले होते. साहाय्य चांगलेच आहे, त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु सर्वसाधारण गटातील लाभार्थीस १ लाख २० हजार रुपये मिळाले, तरी उरलेले १ लाख ८० हजार रुपये त्याला स्वतःच्या पदरचे किंवा कर्जाऊ घालावे लागतात, हे अर्ज भरताना कोणी मोठ्याने सांगत नाही. ज्याने आजवर एक गप्पीही वाढविला नाही, त्याने सिमेंटच्या टाक्या बांधून कर्जाच्या पहिल्या हप्त्याची वाट पाहत बसावे, हा क्रम उलटा आहे. आधी गिऱ्हाईक, मग मासा आणि सर्वांत शेवटी टाकी, असा क्रम असावयास हवा.

हे मत काहींना पटणार नाही. भांडवलाशिवाय धंदा उभा राहत नाही आणि अनुदानाचे आमिष नसेल तर नवीन गोष्टीकडे कोणी वळत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्यांना ईमूपालनाची लाट आठवते, किंवा २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या व्यवहारात पोळलेल्या कुटुंबांची कहाणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना दुसरी बाजूही दिसेल. त्या व्यवहारांत पक्षी खोटा नव्हता. खोटे होते ते, ‘माल आम्हीच परत घेऊ’ हे आश्वासन. पिले विकणाराच जेथे एकमेव खरेदीदार असतो, तेथे बाजार नसतोच. शोभिवंत माशांच्या बाबतीतही, जोड्या महाग दराने देऊन पिले परत घेण्याचा करार करू पाहणारा मनुष्य दारी आला तर शेतकऱ्याने त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

तेव्हा पहिली फेरी बँकेकडे नव्हे, तर दुकानाकडे. आपल्या गावापासून एका तासाच्या अंतरात माशांची दुकाने किती, ती कोणत्या जातीचे किती मासे आठवड्याला घेतात, माल कोठून येतो, वाटेत किती मरतो आणि पैसे रोख मिळतात की उधारीवर, इतक्या गोष्टींची विचारपूस करावी. बहुतेक दुकानदार सांगतील की, माल मुंबईच्या ठोक बाजारातून येतो. आणि मुंबईच्या बाजारात त्याचा मोठा भाग चेन्नई व कोलकाता येथून आलेला असतो. चेन्नईतील कोळत्तूर ह्या भागात घरोघरी हा धंदा चालतो. तेथील हवा बाराही महिने उबदार आणि कारागिरांचा हात बसलेला. दराच्या बाबतीत त्यांच्याशी टक्कर घेणे नवशिक्यास परवडणार नाही. परंतु कोळत्तूरहून निघालेला मासा दोन-तीन पिशव्या बदलून, दोन-तीन प्रकारच्या पाण्यांतून तालुक्याला पोहोचतो आणि दुकानात आल्यावर चार दिवसांत त्याचा रंग उतरतो. गावातून सकाळी निघून दहा वाजता दुकानात पोहोचणारा, त्याच भागातील विहिरीच्या पाण्यावर वाढलेला मासा जगतो. नवशिक्याजवळ एवढीच एक वस्तू आहे, जी कोळत्तूरजवळ नाही. तिचाच भाव त्याने मागावा.

जात कोणती घ्यावी? गोल्डफिशचा खप मोठा असला तरी तो अंडी घालणारा, भरपूर जागा मागणारा आणि पाणी लवकर घाण करणारा मासा आहे. फायटरचे नर एकत्र ठेवले की एकमेकांना फाडतात. प्रत्येकास वेगळी बाटली लागते व शंभर बाटल्यांचे पाणी बदलण्यात दिवस जातो. आरंभ करावयाचा तो पिले घालणाऱ्या जातींपासून : गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल. त्यांतही गप्पी. (ह्या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावरून एकोणिसाव्या शतकात ह्या माशाचे नमुने लंडनला पाठविणाऱ्या लेच्मिअर गप्पी ह्या गृहस्थांचे ते नाव आहे.)

येथे शेतकरी हसेल, कारण गप्पी त्याने पाहिलेला असतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याचे लोक तो फुकट वाटतात आणि गावाच्या डबक्यांत तो हजारोंनी असतो. तो करडा गप्पी कोणी विकत घेणार नाही. बाजारात जो विकला जातो, तो पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेला, पंख्यासारखी शेपटी असलेला लाल, निळा किंवा पिवळा गप्पी होय. दोघांची जात एकच. फरक आहे तो निवडीचा, आणि ह्या धंद्यातील खरी विद्या तीच आहे. ज्याने ज्वारीच्या शेतातून बियाण्यासाठी कणसे निवडली आहेत किंवा गोठ्यात वळूची निवड केली आहे, त्याला ती नवीन वाटू नये.

मात्र गप्पीच्या मादीचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. नराशी एकदा संयोग झाला की त्याचे बीज ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते आणि पुन्हा नर न भेटताही दर महिन्याच्या सुमारास पिले देत राहते. म्हणून दुकानातून आणलेल्या मादीला घरचा उत्तम नर दिला तरी पहिल्या काही वेतांची पिले कोणाची, हे सांगता येत नाही. नवशिक्याची तक्रार असते की, ‘लाल जोडी आणली आणि पिले निघाली पांढरट.’ दोष जोडीचा नसतो. एकाच रंगाच्या वंशातील लहान पिले आणावीत, ती तीन ते चार आठवड्यांची होण्याच्या सुमारास नर व माद्या वेगळ्या कराव्यात आणि नंतर आपल्या निवडीने जुळवाव्यात. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार होऊ लागतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो व तिच्या पोटाच्या मागील बाजूस काळसर डाग दिसतो. पहिले काही दिवस हा भेद ओळखण्यास भिंग लागेल. पुढे डोळा सरावतो. दोन रंगांचे वंश एकाच टाकीत ठेवू नयेत. मिसळ झाली की चार-पाच पिढ्यांत डबक्यातल्या करड्या गप्पीकडे परत जाण्यास सुरुवात होते. उलट, एकाच वंशात फार काळ भावंडांचे संकर होत राहिले तर मासे लहान व वाकड्या पाठीचे निपजतात. त्यासाठी अधूनमधून त्याच रंगाचे मासे दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आणावेत.

वेताला वीस ते पन्नास पिले मिळतात, मोठ्या मादीकडून अधिकही. आई स्वतःच ती गिळते, हे ऐकून घरातील मुलांना वाईट वाटते. पण टाकीत हायड्रिलासारखी दाट वनस्पती सोडली की पिलांना लपण्यास जागा होते.

हिशेब मांडतानाच बहुतेकांची फसगत होते. २० माद्या, प्रत्येकीस महिन्यास ३० पिले, म्हणजे ६००. त्यांत निम्म्या माद्या, म्हणजे ३००; तीन महिन्यांनी त्याही प्रत्येकी ३० पिले देणार, म्हणजे एका वेताची ९,०००. नग ५ रुपये दराने ४५,००० रुपये! असा हिशेब चहाच्या दुकानात कागदाच्या चिठोऱ्यावर नेहमी मांडला जातो. कागदावरच्या माशाला रोग होत नाही आणि त्याला खंड्याही उचलून नेत नाही. सावधपणे धरावयाचे तर ६०० पिलांपैकी निम्मी जगतील, ३००. त्यांतील फिकट, वाकडी, अधू अशी १०० बाजूला निघतील. उरली २००. समजा, दुकानदाराने नगास ५ रुपये दिले, तर महिन्याचे १,००० रुपये झाले. खाद्य, वीज व पिशव्या ह्यांवर त्यांतून ३०० ते ४०० रुपये गेले असे मानू. हातात राहिले ६०० ते ७००. शिवाय पिलू विक्रीयोग्य होण्यास तीन महिन्यांच्या आसपास लागतात, तोवर उत्पन्न शून्य. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत; ज्याने त्याने आपल्या बाजाराचे दर घालून हिशेब पुन्हा करावा. पहिल्या वर्षी घरखर्चास हातभार लागेल, संसार चालणार नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. ज्या घरी पहिल्या वर्षी दोन टाक्यांची नोंदवही नीट राहिली, जन्मले किती, मेले किती, विकले किती, पडून राहिले किती, हे तीत लिहिले गेले, त्या घरी दुसऱ्या वर्षी अर्ज घेऊन जावे. तोच अर्ज खरा.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण नवशिक्याचे मासे बहुधा रोगाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. नवी टाकी भरली, पाणी आरशासारखे स्वच्छ, दुसऱ्या दिवशी पन्नास मासे सोडले आणि आठवड्यात निम्मे उलटे झाले, ही गोष्ट ठिकठिकाणी घडते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशास विषारी असतो. शेतकऱ्यास ह्यापुढील भाग ठाऊक आहे : शेतात टाकलेल्या अमोनियाच्या खताचे जमिनीतील जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकीतही हेच घडते, हेच कुळ काम करते. परंतु जमिनीत ते आधीपासून असते, नव्या टाकीत ते वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अगदी थोडे ठेवावेत, खाद्य कमी द्यावे, आणि जुन्या टाकीतील मूठभर वाळू किंवा गाळणीतील स्पंज विरजणासारखा नव्या टाकीत घालावा. पाणी सगळे एकदम कधीही बदलू नये. आठवड्यास पाव भाग पुरे. सगळे बदलून टाकी घासून लख्ख करणारा उत्साही मनुष्य आपले विरजणच गटारात ओततो.

देशावरील काळ्या कातळातल्या विहिरींचे पाणी जड व अल्कधर्मी असते. गप्पी व मॉलींना ते मानवते; मात्र अशा पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो, म्हणून वरील खबरदारी तेथे दुप्पट घ्यावी. कोकणात जांभ्या जमिनीतील पाणी मृदू असते; तेथे मॉली कुढते, शिंपल्यांचा चुरा गाळणीत ठेवल्यास सुधारते. नळाचे पाणी जंतुनाशक घातलेले असेल तर उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. सिमेंटची नवी टाकी चुना सोडते. दोन-तीन आठवडे पाणी भरून, दर काही दिवसांनी ओतून टाकून ती मुरवावी, केळीच्या खुंटाचे तुकडे घालण्याचीही पद्धत आहे. अवर्षणाच्या तालुक्यात पाण्याचा प्रश्न कोणी काढीलच. ५०० लिटरच्या चार टाक्यांतून आठवड्याला पाव भाग काढला तर ५०० लिटर पाणी होते आणि ते नायट्रेटयुक्त पाणी परसातील वांगी-मिरचीस घालता येते. तथापि ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तेथे कार्यकर्त्याने हा धंदा सुचवू नये, हे बरे.

विदर्भातील वैशाखात पाणी तापते व त्यातील प्राणवायू कमी होतो, म्हणून छाया हवी. नाशिक-निफाडकडे पौषात पाणी इतके गार होते की गप्पी खाणे सोडतो, म्हणून टाकी आतल्या खोलीत हवी. उघड्या टाकीवर जाळी हवीच. खंड्या, बगळा आणि विरोळा हे दिसणारे शत्रू, पण चतुराची पाण्यातील अळी गुपचूप पिलांचा फडशा पाडते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो सांसर्गिक रोग समजावा. नवा आणलेला मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवला, तर ही वेळ क्वचितच येते. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून दोनदा. पिलांना शेण व शेंगदाणा पेंडीच्या पाण्यात वाढविलेला डॅफ्निया उत्तम. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देता येतो, पण पाणी नासते.

विक्रीच्या आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवावेत, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू. दुकानात पोहोचल्यावर ती पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, हे दुकानदारास सांगण्यात संकोच करू नये. पहिल्या खेपेचे मासे त्याच्याकडे जगले, तरच दुसरी खेप जाते.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ खाद्य घालणे, मेलेला मासा वेळेवर काढणे, पिले मोजणे ही कामे बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि प्रशिक्षणाच्या वर्गात मात्र पुरुष बसतात. मार्गदर्शक सूचनांत महिलांसाठी अधिक साहाय्य ठेवले होते ते योग्यच होते. परंतु नाव तिचे आणि खाते नवऱ्याच्या हाती, अशी व्यवस्था असेल तर टाकीपुढे उभे राहणाऱ्या व्यक्तीला निर्णयाचा अधिकार राहत नाही. शिक्षणासाठी रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय, नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये, किंवा मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था येथे चौकशी करता येईल. चौकशी करताना टाकी सांभाळणाऱ्या बाईसाठीच करावी.

शेवटचा मुद्दा धंद्याचा नसून गावाच्या ओढ्याचा आहे. दुकानांत ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा हा दक्षिण अमेरिकेतील आहे. हौशी लोकांनी मोठा झाल्यावर तो पाण्यात सोडून दिला आणि आज उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि त्याला खाणारे गिऱ्हाईक नाही. एका पेटीची अडगळ टाकून देणाऱ्याने शेकडो कुटुंबांच्या जाळ्यांचे नुकसान केले. रंगीत गप्पीही परदेशीच आहे, म्हणून त्यानेही हौदातच राहावे. न विकलेले मासे विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडणे हा भूतदयेचा प्रकार नव्हे. उलट दिशेचा मोहही टाळावा : ओढ्यांतील देखणे स्थानिक मासे पकडून विकणे सोपे वाटते, पण केरळातील डेनिसन बार्ब ह्या सुंदर माशाची त्याच मोहापायी अशी गत झाली की २००८ साली तेथील शासनास त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. त्या माशाच्या कुळास २०१३ साली शास्त्रज्ञांनी ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले, आणि आपल्याकडील ओढे त्याच सह्याद्रीतून उतरतात.

टाकीच्या सांडव्यास बारीक जाळी बसविण्यास फारसा खर्च येत नाही. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ती बसली आहे की नाही, हे पाहण्यासाठी कार्यकर्त्याने गावातील प्रत्येक टाकीवर एक फेरी टाकावी. आणि जाळी नसेल तेथे ती बसेपर्यंत टाकी काठोकाठ भरू देऊ नये.